सतरा एक

रोहिणीनं कागदावरचं बोट उचललं नाही. दुसऱ्या हातानं तिनं वही जवळ ओढली, पट्टी लावली आणि आकडा पुन्हा एकदा वाचला. वहीत भाजक होता २०७१७२३. संगणकातून छापून घेतलेल्या कागदावरही तोच होता. वहीत त्याच्याखाली बाकी लिहिली होती ५७७९०६. कागदावर त्या जागी नुसतं शून्य होतं.

तिनं संगणकावर तेवढा एकच भागाकार पुन्हा करून पाहिला. शून्यच आलं.

पाथरीच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बारावीची परीक्षा सुरू असल्यानं दुपारचे तास बंद होते. रोहिणी उठली, दार लोटून परत येऊन बसली, बाटलीतलं पाणी प्यायली. वही तिच्या वडिलांची होती. त्यांनी तिला आठ वर्षांपूर्वी शपथ घातली होती, आणि ती आज काही न ठरवता मोडली होती.

सटवाजी रेल्वेत फाटकवाले होते. सेलूजवळच्या एका फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण आकड्यांचा नाद मोठा. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फाटकाच्या खोलीत बसून ते गणितं करायचे. रोहिणी एम.एस्सी.ला असताना एकदा सुट्टीत घरी आली आणि बोलता बोलता म्हणाली, की नुसते एक ओळीनं मांडत गेलं तर होणाऱ्या आकड्यांची तऱ्हा वेगळीच असते. दोन एक म्हणजे अकरा, त्याला कशानंच भाग जात नाही. एक जोडीनं असले की अकरानं भाग जातो, तिनाच्या पटीत असले की तिनानं. पण पाच, सात, अकरा, तेरा, सतरा असे असले की वरून काही कळत नाही. भागूनच बघावं लागतं.

पाच एक सटवाजींनी दुसऱ्याच दिवशी फोडले, एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांना चार दिवस लागले. अकरा एकांना अख्खा हिवाळा लागला. तेरा एक त्रेपन्नानं लगेच फुटले, तेव्हा त्यांना जरा वाईटच वाटलं. सतरा एक त्यांनी निवृत्तीसाठी राखून ठेवले. रोहिणीनं त्यांना एक नियम सांगितला होता. सतरा एकांना ज्या आकड्यानं भाग जाईल, त्या आकड्याला चौतिसानं भागलं तर बाकी एक उरायलाच हवी. म्हणजे चौतीस-चौतिसांच्या टप्प्यानं पुढं जायचं, त्यातले तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी तुटणारे आकडे सोडायचे, आणि राहतील त्यांनी एकेक करून सतरा एकांना भागत जायचं. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सटवाजींनी दोनशे पानी वही आणली. रोज आठ भागाकार. आजारपण असो, पाहुणे असोत, आठ म्हणजे आठ. आता अठ्ठावन्नावी वही चालू होती.

"उत्तर तुमच्या मशिनीत असंल," ते तेव्हा म्हणाले होते. "मला सांगायचं न्हाई. अन् तूबी बघायचं न्हाई."

रोहिणीनं बघितलं नव्हतं. आठ वर्षांत एकदाही नाही. लग्न होऊन पाथरीला आली, शिकवायला लागली, वर्गातल्या पोरांना मूळ संख्या समजावताना कैकदा मोह झाला, तरी नाही. आज तिला उत्तर नको होतं. तिला फक्त वडील कुठं कुठं चुकतात ते शोधायचं होतं.

दिवाळीनंतर सटवाजींचं काहीतरी बिनसलं होतं. ते पेल्यात पाणी ओतायचे आणि ते पेल्याच्या बाजूला सांडायचं. विहारात वीस वर्षं शेजारी बसणारे बन्सीधर समोरून आले तर बोलेपर्यंत ओळखायचे नाहीत. एकदा स्वतःच्याच घरापुढून सरळ चालत गेले आणि पिठाच्या गिरणीपाशी उभे राहिले. रोहिणीचा धाकटा भाऊ बालाजी पुण्याला कारखान्यात होता. तो फेब्रुवारीत आला, हे सगळं पाहिलं आणि वडिलांना परभणीला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. सटवाजींनी काटे काढले ते वर्तुळाच्या बाहेर. डॉक्टर तरुण होते, बाहेर गर्दी होती. वयाप्रमाणे डोक्यावर परिणाम सुरू झालेला दिसतो, असं त्यांनी बालाजीला बाजूला घेऊन सांगितलं. महिन्याभरानं परत या, तोवर काय काय चुकतं ते लिहून आणा. अक्षर बदललंय का बघा, हिशेब चुकतात का बघा.

ते रोज आठ भागाकार करतात, असं रोहिणीनं बालाजीला फोनवर सांगितलं.

"मग त्याच वह्या बघ ना, ताई," तो म्हणाला. "चुकत असतील तर पाडव्याला मी दोघांनाही इकडं आणतो. घराला कुलूप लावू. तिथं एकटे नाही ठेवता यायचे."

म्हणून मागच्या रविवारी रोहिणीनं सेलूला जाऊन चार वह्या पिशवीत घातल्या. सटवाजी खाटेवर पडून होते, ते घेऊन जा म्हणाले. तिची आई सुलाबाई मात्र दोनदा म्हणाली, कामून नेतीस त्या, राहू दे की. रोहिणीनं कॉलेजात दाखवायच्या आहेत असं खोटं सांगितलं.

चार वर्षांपूर्वीची वही तिनं आधी तपासली. चारशे भागाकार, एकही चूक नाही. बारीक, एकसारखं, तिरकं अक्षर. मग दिवाळीनंतरच्या वह्या उघडल्या. अक्षर थोरलं झालं होतं, पेन्सिल दाबून दाबून काढलेलं, ओळ सोडून वर-खाली जाणारं. आणि चुका होत्या. पहिल्या वहीत दोन, दुसरीत चार. आजची ही सातवी.

प्रत्येक भागाकाराखाली ताळा मात्र केलेला होता. नवाचा ताळा. आकड्यातले अंक एकेरी उरेपर्यंत मिळवत जायचे, भाजक, भागाकार आणि बाकी यांचा मेळ मूळ आकड्याशी बसला की बरोबरची खूण करायची. सातही चुकांखाली ती खूण होती. कारण सातही चुका एकाच जातीच्या होत्या. दोन अंकांची मागंपुढं अदलाबदल. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही, म्हणून नवाच्या ताळ्याला अशी चूक सापडत नाही. चौसष्टच्या जागी शेहेचाळीस. इथं, ह्या भागाकारात, सहाव्या पायरीला ४८८३०५ उरायला हवे होते. वहीत होते ४८३८०५. त्र्याऐंशीच्या जागी अडतीस. तिथून पुढची प्रत्येक वजाबाकी अगदी बिनचूक होती, आणि शेवटी शून्याच्या जागी ५७७९०६.

भागाकाराच्या कोपऱ्यात तारीख होती, तेरा जानेवारी. म्हणजे दोन महिने झाले. सटवाजी त्या आकड्यावरून पुढं निघून गेले होते आणि रोज आठ-आठ पावलं लांब जात होते. पुढं कुठंच काही नव्हतं. सतरा एकांचे दोनच तुकडे होते, एक हा आणि दुसरा पाचशे छत्तीस कोटींच्या घरातला. रोहिणीनं कागदाच्या मागं हिशेब केला. रोज आठप्रमाणं त्या दुसऱ्यापर्यंत पोचायला वीस हजार वर्षं लागली असती. आणि तो दुसरा तुकडा आणखी फुटतो का, हे बघायचीही गरज नव्हती. तो फुटत असता तर त्याचा लहान तुकडा चौऱ्याहत्तर हजारांच्या आत असता आणि वडिलांच्या पहिल्या दोन-तीन वह्यांतच सापडला असता. त्या वह्यांतली प्रत्येक बाकी त्याची साक्ष देत होती. म्हणजे तेरा जानेवारीला सगळंच काम संपलं असतं. एक अडतीस आडवा आला नसता तर.

तिनं वह्या पिशवीत भरल्या आणि बसस्टँडवर आली. आज गुरुवार होता. घरी कळवावं असं तिला वाटलं नाही. कळवून काय सांगणार होती?

सेलूच्या गाडीत खिडकीशी बसून ती मनात वाक्यं जुळवत राहिली. डॉक्टरांना सात चुका सांगाव्या लागणार. सांगितल्या की बालाजी दोघांना पुण्याला नेणार. तिथं चौथ्या मजल्यावर बाबा वही घेऊन बसतील आणि भलत्याच दिशेनं भागत राहतील. आणि तेरा जानेवारीचं सांगितलं तर? ज्या माणसाचं डोकं जात चाललंय, त्याला तू आठ वर्षं जे शोधत होतास ते हातात येऊन तुझ्याच चुकीनं सुटलं, असं सांगायचं? न सांगता त्यांच्यासमोर रोज बसायचं? शेतांतून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले होते. ऊन वाढलं होतं. तिला जेवण झालं नसल्याची आठवण झाली, पण भूक नव्हती.

घराचं दार अर्धवट उघडं होतं. चप्पल काढताना तिला आतून वडिलांचा आवाज ऐकू आला. एकसुरी, सावकाश, फाटकावरच्या फोनवर बोलायचे तसा. रेल्वेत असताना आकडे दोन-दोन करून सांगायची त्यांना सवय होती.

"त्याच्यातून वजा केलं. लिही. बारा, चौसष्ट, नव्वद, सात."

रोहिणी उंबऱ्यातच थांबली. सटवाजी खाटेवर उताणे पडले होते, डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीवर. खाली, खाटेला टेकून, सुलाबाई बसली होती. मांडीवर पाट, पाटावर वही, हातात पेन्सिल. तिचा चष्मा एका बाजूनं दोऱ्यानं बांधलेला होता. ती बारा लिहून थांबली. मग ओठातल्या ओठात "चौ-सष्ट" म्हणाली आणि आधी चार काढला. त्याच्या डाव्या अंगाला तिनं जागा सोडली होती. त्या जागेत तिनं सहा बसवला. नव्वद लिहिले, सात लिहिला, आणि वरच्या आकड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "लिवलं. खाली एक घेऊ?"

रोहिणी पाहत राहिली. आई आकडा कानाला येईल तसा लिहीत होती. कानाला चार आधी येतो, सहा नंतर. तीन आधी येतो, आठ नंतर. जागा सोडायची लक्षात राहिली तर आकडा बरोबर पडणार. एखाद्या दिवशी दमली, चुलीवर काही ठेवलेलं असलं, तर उलटा, आणि पुढच्या पायरीला बाबांना वाचून दाखवणार तोही उलटाच.

सुलाबाईनं मान वर केली आणि लेकीला पाहिलं. तिनं वही पदराखाली घेतली. ती लपवायची वस्तू नव्हती, तरी घेतली.

"कोन हाय?" सटवाजींनी डोळे उघडून विचारलं. ते थेट रोहिणीकडे पाहत होते.

"मी आहे, बाबा."

"रोहिणी? आज कशी?" ते गडबडीनं उठून बसले आणि त्यांनी हात लांब करून खाटेची कड चाचपली.

सुलाबाई तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. न विचारताच सांगायला लागली. दिवाळीपासून त्यांना धड दिसत नव्हतं. उजव्या डोळ्यानं नुसता उजेड दिसायचा, डाव्यानं धुरातून बघावं तसं. वहीतला आकडा दिसेना तेव्हा दोन दिवस ते काहीच न बोलता बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. वस्तीत साक्षरता वर्ग झाला होता त्यात ती तीन महिने गेली होती. सही शिकली होती आणि शंभरपर्यंत आकडे.

"दवाखान्यात का नाही सांगितलं?" रोहिणीनं विचारलं.

"ते नको म्हनले. तुज्या चंद्रभान काकाचा डोळा ठाऊक हाय ना? शिबिरात नेला अन् घालून आले. तवापासून यांना लय धास्ती हाय डोळ्याची." ती जरा थांबली. "अन् बालाजीला कळलं असतं तर त्यानं नेलं असतं. मंग यांचं हे कोन लिवून देनार तिथं? सून देनार हाय का?"

रोहिणी धुण्याच्या दगडावर बसली. वडिलांचं डोकं शाबूत होतं. हे आकडे कुणी डोळे मिटून, नुसते मनात धरून वजा करत असेल तर त्याच्या डोक्याला काय झालंय? पण मग तेरा जानेवारीचा अडतीस कुणाचा होता, हेही आता तिला ठाऊक झालं होतं.

"चुकायलंय का माजं?" सुलाबाईनं विचारलं. "तू वह्या नेल्यास तवापासून मला घोर लागलाय."

"नाही गं, माय," रोहिणी म्हणाली. "बरोबर आहे सगळं."

आत येऊन ती वडिलांजवळ खाटेवर बसली. त्यांना डॉक्टरांचं सांगायलाच हवं होतं. परभणीला कशासाठी नेलं होतं हे त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं. रक्तदाबासाठी नेलं, असं ते समजून होते. रोहिणीनं घड्याळाचं सांगितलं, बन्सीधरचं, गिरणीचं, आणि त्यावरून डॉक्टर काय म्हणाले तेही.

सटवाजींचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला.

"म्हंजे माजं डोकं गेलं असं समजायलेत सगळे?"

"मला तसं वाटत नाही. पण तुम्ही डोळ्याचं सांगितलं नाही तर मी काय बोलू?"

"बालाजीबी तसंच समजायलाय?"

तिनं पिशवीतल्या वह्या काढून खाटेवर ठेवल्या. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, डोळा कापताना भूल देतात का, किती वेळ लागतो, दोन्ही डोळे एकाच दिवशी करतात का. चंद्रभानचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनंही काढलं नाही.

"चल मंग," ते शेवटी म्हणाले. "डोळा गेला तरी चालंल. डोकं गेलं असं न्हाई म्हनू देनार."

पुढचे दिवस तिला नीट आठवत नाहीत. बालाजीशी फोनवर वाद झाला. मग तो रडला, मग रजा काढून आला. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकून घट्ट झालाय असं सांगितलं. इतका पिकू द्यायला नको होता, प्रयत्न करतो, म्हणाले. त्या "प्रयत्न"वर सुलाबाई अडकली. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून तिनं रोहिणीला तीनदा विचारलं, पर्यत्न म्हंजे काय. रोहिणीनं तीनदा वेगवेगळं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा सटवाजींनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचल्या, लालसुद्धा, काळ्यासुद्धा. मग सुलाबाईकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

पाडवा झाला. बालाजी एकटाच पुण्याला परत गेला. पण रोहिणीची झोप काही सुधारली नाही. डोळ्याला आराम म्हणून महिनाभर भागाकार बंद होते, आणि एकदा ते सुरू झाले की बाबा सोडल्या जागेपासून पुढं जाणार होते. ती एकटीच जाणत होती की पुढं काही नाही. सांगितलं तर ते मागं जाणार, पान काढणार, आणि तिथं थोरल्या अक्षरात अडतीस असणार. ते अक्षर कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आईनं पाच महिने पाठ मोडून लिहून दिलं होतं. तिला काय सांगायचं? तुझ्या हातानं सापडलं आणि तुझ्याच हातानं हरवलं?

शेवटी तिनं एक वाट काढली. बाबांना म्हणायचं, नवाच्या ताळ्याला अदलाबदल सापडत नाही, अकराच्या सापडते. दिवाळीनंतरच्या वह्यांना अकराचा ताळा लावून बघा. कुठली चूक, कुणाची, काही बोलायचं नाही. सापडलं तर त्यांचं त्यांना सापडेल. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ती हेच मनात घोकत सेलूला आली.

सटवाजी दारातच खुर्ची टाकून बसले होते, नवा चष्मा लावून. पायाशी दिवाळीनंतरच्या वह्या होत्या. अठ्ठावन्नावी धरून चारही. एक त्यांच्या हातात उघडी होती.

"चार दिवस झाले, हेच वाचायलेत," सुलाबाई आतून म्हणाली. "जेवताना सुदिक खाली ठेवंनात."

"तुज्या मायचं अक्षर कदी बघितलंच नव्हतं मी," सटवाजी रोहिणीला म्हणाले. "तिनं लिवलं, मी आयकलं. बघितलं आत्ता." त्यांनी पान उलटलं. "लय नेटानं लिवलंय."

रोहिणी त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहू नये म्हणून अंगणातल्या दोरीवरचे कपडे पाहत राहिली. अकराच्या ताळ्याचं वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात ते वही मिटून उठले, खाटेवर जाऊन बसले आणि त्यांनी सुलाबाईला हाक मारली.

"एक मधलाच राहिलाय करायचा. वही घे."

"आता तुमाला दिसायलंय की," सुलाबाई म्हणाली. "तुमीच लिवा. मी भाकरी टाकायलेय."

"माजा हात दुखायलाय. भाकरी रोहिणी टाकंल."

सुलाबाई हात पुसत आली. कुरकुर केली, पण आली. पाट घेतला, चष्म्याचा दोरा कानामागं अडकवला. सटवाजींनी तिच्यापुढं अठ्ठावन्नावी वही नाही ठेवली. उशीखालून एक कोरी वही काढून तिचं पहिलं पान उघडून दिलं.

"भागनारा लिही. वीस, एकाहत्तर, बहात्तर, तीन."

तेरा जानेवारीचाच आकडा. रोहिणीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते, नव्या डोळ्यांनी, जराही न हलता. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पुढं सांगायला लागले.

पूर्वी ते प्रत्येक पायरीला थांबायचे, डोळे मिटायचे, मनात वजा करायचे. आज थांबत नव्हते. सुलाबाईची पेन्सिल पोचेपर्यंत वाट पाहायचे, तेवढंच. पाच. तीन. सहा. तीन. दोन. सहाव्या पायरीला ते क्षणभर थबकले.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "लिवलं? आता एकेक घे. आठ. तीन. शून्य. पाच."

"असं एकेक का?"

"घे की. तुला सोपं जाईल."

"मला जोडीचं बी जमतंय," सुलाबाई म्हणाली, पण तिनं एकेक करून लिहिलं. आठ, तीन, शून्य, पाच. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. रोहिणीनं ती उलटली आणि चुलीकडे तोंड करून बसली. पाठीमागं आवाज चालूच होता. एकसुरी, सावकाश. मग तो थांबला.

"चौदा, पन्नास, वीस, एकसष्ट," सुलाबाईनं वरचा आकडा वाचला. मग तिनं खालचा वाचला. तोही तोच होता. तिनं बोट ठेवून एकेक अंक पुन्हा पाहिला, वरचा आणि खालचा, वरचा आणि खालचा.

"काय लिवू?"

"काय उरलं ते लिही."

"काईच न्हाई उरलं." तिचा आवाज बारीक झाला. पाच महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. "आवं, माजंच कुटंतरी चुकलं असंल. भाकरीत लक्ष होतं माजं. पुन्ना सांगा बरं सगळं."

रोहिणी वळली. सटवाजींनी पाय वर घेऊन मांडी घातली होती. बायकोच्या डोक्यावरून ते त्या पानाकडे पाहत होते. घाई काहीच नव्हती.

"दुसरं पान काढ," ते म्हणाले. "लिही. वीस, एकाहत्तर..."